आत्ता इंजिन काम, टर्बो नंतर: जी१३बीबी बांधताना काय करून ठेवायचं

मारुतीची जुनी एस्टीम किंवा जिप्सी (दोन्हींत जी१३बीबी हे इंजिन) ऑइल खायला लागली, मागून निळा धूर यायला लागला की मिस्त्री एकच वाक्य ऐकवतो, "साहेब, इंजिन काम काढावं लागेल." मालकाच्या डोक्यात मात्र तोवर दुसराच किडा वळवळत असतो: एवढं खोलतोच आहोत तर टर्बोच, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखाच, बसवून टाकू. खिशात पैसे एकाच कामाचे असतात. हा लेख अशा माणसासाठी आहे. इंजिन आत्ता बांधायचंय, वर्ष-दोन वर्षं साधंच पळवायचंय, टर्बो नंतर लावायचाय आणि तेव्हा पुन्हा इंजिन उघडायचं नाहीये.

सगळ्या निर्णयांना एकच प्रश्न विचारा: हे काम इंजिन न उघडता नंतर होईल का? होणार असेल तर आत्ता त्यावर पैसे घालू नका. होणार नसेल तर आत्ताच उरका. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. आधी टर्बो, इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर), निळे सिलिकॉन पाइप घेऊन येतात, त्याचे फोटो टाकतात आणि पिस्टनभोवतीच्या रिंगच्या टोकांमधली गॅप किती ठेवायची हे मिस्त्रीवर सोडून देतात.

हेच इंजिन का

सुझुकीचं जी१३बीबी हे १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं, एकाच कॅमचं इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) एस्टीममध्ये ते साधारण ८५ बीएचपी द्यायचं, जिप्सीत ८० च्या आसपास. व्हर्सात आणि २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्ट पेट्रोलमध्येही हेच घराणं, त्यामुळे आतले पार्ट अजून मिळतात. नवे दुकानात, जुने कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात. पार्ट नंबर मात्र ताडून घ्या. चार गाड्यांत इंजिन एकच असलं तरी सेन्सर, इग्निशन आणि बाहेरच्या बऱ्याच वस्तू वेगळ्या आहेत.

या जी मालिकेला टर्बो परका नाही. तीन सिलिंडरच्या ९९३ सीसी इंजिनावर सुझुकीने स्वतःच टर्बो लावला होता आणि १९८७-८८ मध्ये ती गाडी अमेरिकेत शेव्हरले स्प्रिंट टर्बो म्हणून विकली गेली. कंपनीने तिथे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) कमी केला होता, हे ध्यानात ठेवा. त्याकडे पुढे वळू.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत हवी: हा ब्लॉक अल्युमिनियमचा आहे, आत बीडाचे लायनर. पुढच्या निम्म्या सूचना या एका कारणामुळे आहेत.

कागदपत्रांची बाजू

ज्या जागी गाडी चालवायची ती जागा आधी ठरवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात नोंदलेली आणि कंपनीने ठरवलेली वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे टर्बो लावलेली एस्टीम ही ट्रॅकची गाडी धरून चाला. कोइंबतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिथे ट्रेलरवर घालून न्यायची. आजचं इंजिन काम मात्र साधी दुरुस्ती आहे, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर साफसफाईत किंवा घासकामात पुसट होऊ देऊ नका. पंधरा वर्षांच्या पासिंगला आरटीओत तो नंबर बघतात, आणि तिथे "मशीनवाल्याने घासला हो" असं सांगून काम होत नाही.

उघडण्यापूर्वी

इंजिन गरम करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली. या इंजिनाला साधारण १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर चांगलं, १२ च्या खाली गेलं तर काम निघालं समजा. आकड्यापेक्षा चारांमधला फरक जास्त बोलतो: एक किलोच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. हे सगळं वहीत लिहून ठेवा. इंजिन बांधून झाल्यावर आणि टर्बो लावायच्या दिवशी हीच वही लागणार आहे.

खोलताना

खोलणं अवघड नाही, पण शिस्त पाहिजे. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, रॉडच्या कॅप, मेन बेअरिंगच्या कॅप, रॉकर, व्हॉल्व्ह, जे जिथून निघालं ते तिथेच परत गेलं पाहिजे. रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला लावली तर गोलाई बिघडते, कारण कारखान्यात दोघांना जोडून एकत्र बोअर केलेलं असतं. चुन्याने किंवा मार्करने खुणा करू नका, डिझेलमध्ये धुतल्यावर जातात. ठोक्याने ठिपके मारा किंवा पिशव्यांवर लिहून भरा.

क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकाचा बोल्ट, त्याखालची पुली आणि चावीची (पुलीला क्रँकवर सरकू न देणाऱ्या छोट्या पाचरीची) खाच नीट न्याहाळा. जी मालिकेच्या इंजिनांत हा बोल्ट सैल राहिला की चावी आणि खाच खाऊन टाकतो, टायमिंग सरकतं. खाच रुंद झालेली असेल तर दुसरा क्रँक शोधा. वेल्डिंगने भरून पुन्हा खाच पाडणारे कारागीर आहेत, पण टर्बोचा विचार असलेल्या इंजिनात तो उपाय मला पटत नाही.

सायलेन्सरच्या बाजूचे स्टड आत्ताच बदला. वर्षानुवर्षं तापून गंजलेले असतात. टर्बोचा मॅनिफोल्ड बसवताना त्यातला एक जरी हेडमध्ये मोडला तर हेड परत खाली उतरवावं लागतं.

मशीनशॉप

इथे वेळ घालवा. चांगला मशीनवाला गाठण्यासाठी शंभर किलोमीटर जावं लागलं तरी जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी माणसं आहेत. तिथे एकदा काम बघितलं की गल्लीतल्या लेथवर ब्लॉक टाकायचं धाडस होत नाही.

पहिली ताकीद: ब्लॉक आणि हेड कॉस्टिकच्या टाकीत टाकू देऊ नका. बीडाच्या ट्रक इंजिनांसाठी ती टाकी असते. अल्युमिनियम त्यात अक्षरशः विरघळायला लागतं, पृष्ठभाग काळा आणि खडबडीत होतो. केरोसिन किंवा सौम्य डिटर्जंट आणि ब्रश, बस्स.

मोजमाप बोअर गेजने, प्रत्येक सिलिंडरचं वर-मध्ये-खाली आणि आडवं-उभं असं सहा ठिकाणी. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान मापात ०.१० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बोरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं) करावंच लागेल. बोरिंग करायचंच असेल तर लागेल तेवढंच करा. ०.२५ ने भागत असेल तर ०.५० ला जाऊ नका. लायनर जितका जाड तितका टर्बोच्या दाबाखाली गोल राहतो. "पुढचं ओव्हरसाइझ मारून टाकू, पिस्टन तेवढाच स्टॉकमध्ये आहे," असं दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायला देऊ नका. मशीनवाल्याने तोच पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्या त्या सिलिंडरला होनिंग (दगडाने बारीक घासून अचूक माप आणणं) करायचं. मूळ धाटणीच्या कास्ट (ओतीव) पिस्टनला साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी जागा ठेवतात. तुम्ही ०.०४ कडे झुका. टर्बोत पिस्टन जास्त तापतो, जास्त फुगतो. होनिंग करताना वर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) बसवता आली तर उत्तम. हेडचे बोल्ट आवळले की अल्युमिनियमच्या ब्लॉकमधला लायनर किंचित आकार बदलतो. प्लेट लावून होन केलं तर आवळलेल्या अवस्थेत तो गोल येतो.

कॉम्प्रेशनचं गणित, कागदावर

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि इथेच पुढचा घोळ असतो. एका सिलिंडरची मोकळी जागा ३२४.७ सीसी. रेशो ९.५ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३२४.७ भागिले ८.५, म्हणजे साधारण ३८.२ सीसी. आता ०.५० चं बोरिंग केलं तर सिलिंडर ३२९.१ सीसीचा झाला, इंजिन १३१६ सीसीचं. वरची जागा तेवढीच राहिली तर रेशो आपोआप ९.६ वर गेला. त्यावर हेड वाकलंय म्हणून मशीनवाल्याने ०.२ मिमी फेसिंग मारलं (तळ घासून सपाट केला), तर पाऊण सीसीच्या आसपास जागा आणखी गेली. झाले ९.८. तुम्ही काहीच 'ट्यूनिंग' केलं नाही आणि टर्बोसाठी नको तो आकडा हातात आला. त्यात जुन्या मालकानेही एकदा फेसिंग केलेलं असेल तर विचारूच नका.

म्हणून हेडची प्रत्येक चेंबर मोजा. हेड उलटं, सपाट ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, वर ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यात एक भोक. ब्युरेटमधून रंगीत केरोसिन सोडायचं आणि किती सीसी मावलं ते वाचायचं. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारख्या हव्यात. त्यात पॅकिंगची जाडी आणि पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा धरला की खरा रेशो निघतो.

किती ठेवायचा? टर्बो उद्याच लावणार असतो तर मी ८.५ म्हटलं असतं. पण वर्ष-दोन वर्षं साधं चालवायचंय आणि पुढेही हलका बूस्टच (टर्बोचा जादा हवेचा दाब) द्यायचाय, म्हणून ९.० च्या आसपास थांबा. ८ वर आणलेलं १३०० सीसीचं इंजिन टर्बोशिवाय अगदी मरगळलेलं असतं, कात्रजचा घाट चढताना रिक्षा मागून हॉर्न देईल. रेशो उतरवायचाच असेल तर पिस्टनच्या खळग्याने उतरवा. दोन पॅकिंग लावणं किंवा मध्ये जाड प्लेट घालणं हा गॅरेजमधला लाडका जुगाड आहे, तो टाळा. पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेला हेडशी जी चिंचोळी फट राहते, तिच्यातून मिश्रण जोरात मध्यभागी ढकललं जातं आणि जळणं लवकर, एकसारखं होतं. प्लेट घातली की ती फट मोठी होते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं, उलट वाढू शकतं. रेशो कमी करून नॉकिंग वाढवायचं, याला काय म्हणावं.

पिस्टन आणि रिंग

फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन घ्यायचे का? ०.४ बारपर्यंतच, म्हणजे साधारण ६ पीएसआयपर्यंत थांबणार असाल तर चांगल्या कंपनीचे कास्ट पिस्टन पुरतात. त्यावर जायचं असेल तर फोर्ज्ड आत्ताच घ्या, कारण नंतर बदलायला इंजिन पुन्हा खोलावं लागेल. मात्र फोर्ज्ड जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये जवळपास दुप्पट जागा लागते आणि थंड इंजिनावर तो खडखडतो. सकाळी सोसायटीत शेजारी विचारतील, इंजिन गेलं का.

कास्ट पिस्टन दाबाने सहसा मरत नाही. तो नॉकिंगने मरतो. आणि दुसरं कारण रिंगची गॅप. तापलेली रिंग लांबते. तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की पुढे जायला जागा नसते, ती बोअरला घट्ट धरते आणि पिस्टनचा वरचा कठडा उचकटून घेते. टर्बो लावल्यावर महिन्याभरात इंजिन गेलं, अशा तक्रारींत बरेचदा खरा गुन्हेगार हा असतो.

साध्या इंजिनाला बोअरच्या प्रत्येक इंचाला ४ थाउ (इंचाचा हजारावा भाग) गॅप धरतात. ७४ मिमीला ते ०.३० मिमी होतं. हलक्या टर्बोसाठी ५ ते ५.५ थाउ, म्हणजे ०.३७ ते ०.४१. मी वरच्या रिंगला ०.४० आणि दुसरीला ०.४५ ठेवायला सांगेन. दुसरी जास्त का, तर दोन रिंगांच्या मध्ये अडकलेला दाब खाली निसटला पाहिजे, नाहीतर तो वरच्या रिंगला उचलतो. एवढ्या गॅपने साध्या चालण्यात काही कमी पडत नाही. गॅप वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून हळूहळू घासा.

पद्धत अशी: रिंग बोअरमध्ये घाला आणि उलट्या पिस्टनच्या डोक्याने इंचभर खाली ढकला, म्हणजे ती तिरपी राहत नाही. फीलर गेज सरकवा. किंचित अडखळत गेलं पाहिजे, खुपसावं लागता कामा नये. कमी असेल तर रिंग काढून बारीक फाइलवर एकच टोक घासा, आणि घासताना नेहमी बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे. उलटं घासलं तर बाहेरचा लेप टवके होऊन उडतो. दर दोन-तीन फटक्यांनंतर पुन्हा मोजा. शेवटी टोकावरची बारीक कुस ऑइलस्टोनने मारा, नखाला लागता कामा नये. ज्या सिलिंडरमध्ये मोजली ती रिंग त्याच सिलिंडरची. या कामाला अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

क्रँक, रॉड, बेअरिंग

क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो तो भाग) ४२ मिमीची, मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो तो भाग) ४५ ची. ओरखडे नसतील आणि माप ठीक असेल तर नुसतं पॉलिश करा. घासायचाच असेल तर मशीनवाल्याला बजावून सांगा: जर्नलच्या दोन्ही कडांना असलेली गोलाई तशीच राहिली पाहिजे. चाक उतरवताना तिथे काटकोनी कोपरा पडला तर क्रँकला चीर नेमकी तिथूनच जाते. क्रॅक टेस्टिंग करूनच घ्या.

सुझुकीच्या मेन बेअरिंगांना कडेला रंगाचा ठिपका असतो: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. ही जाडीची श्रेणी. ब्लॉकवर आणि क्रँकवर ठोकलेले आकडे बघून मॅन्युअलमधल्या तक्त्यावरून कोणता रंग कुठे हे ठरतं. दुकानदार "सगळे सेम असतात" म्हणेल. ते सेम नसतात. बसवल्यावर प्लास्टिगेजची तार ठेवून गॅप मोजा, ०.०४ मिमीच्या आसपास हवी. तार चिरडताना क्रँक फिरवायचा नाही.

रॉडबद्दल एक गैरसमज: लोक म्हणतात टर्बोने रॉडचे बोल्ट तुटतात. बूस्टचा दाब रॉडला वरून दाबतो, बोल्टला ताणत नाही. बोल्ट ताणले जातात ते आरपीएमने, पिस्टन वर पोचून परत खेचला जातो तेव्हा. म्हणून रॉडचे बोल्ट-नट नवीन घाला, रॉड सरळ आहेत का ते तपासा, चारही रॉड-पिस्टन जोड्या वजनाला सारख्या करा आणि रेव्ह लिमिट कंपनीचंच राहू द्या. टर्बो इंजिनाला ताकदीसाठी आठ हजारावर पळवायची गरजच नसते.

हेड

व्हॉल्व्ह गाइड सैल असतील तर बदला, सीट नव्याने कापा, स्टेम सील नवीन. स्प्रिंगबद्दल फार चिंता नको. इनटेक व्हॉल्व्ह २८ मिमीचा धरला तर ०.४ बार दाब त्याला मागून जेमतेम अडीच किलोने ढकलतो. चांगल्या अवस्थेतली कंपनीची स्प्रिंग ते सहज धरते. थकलेली असेल तर आजही धरणार नाही. पोर्टिंगच्या नादाला लागू नका. ओतकामाची कुस तेवढी साफ करा.

हेड आणि ब्लॉक, दोन्हीच्या सपाटीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. पत्र्याच्या थरांचं, म्हणजे एमएलएस पॅकिंग लावणार असाल तर फेसिंग आरशासारखं गुळगुळीत करून घ्या आणि तसं आधी सांगा. साध्या पॅकिंगसाठी मारलेल्या खरखरीत फेसवर एमएलएस धरत नाही.

हेडचे बोल्ट जिथे आवळतात ते आटे अल्युमिनियममध्ये आहेत. टॅप फिरवून साफ करा, खेचलेला आटा दिसला तर तिथे हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवा. आणि भोकांच्या तळाशी ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका. भोक खालून बंद असतं, द्रव दबत नाही. बोल्ट आवळला की तो ब्लॉकलाच चिरतो, आणि रीडिंग मात्र टॉर्क बरोबर दाखवतं. हवेने फुंकून घ्या, डोळ्याला चष्मा लावून. बोल्टच्या जागी स्टड मिळाले तर घ्या, आटा वारंवार झिजत नाही.

ऑइलची वाट

टर्बोसाठी आत्ता करायची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट: ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवलेला आहेच, तर परतीच्या ऑइलसाठी त्यात एक नळी जोडून घ्या. चेंबर पत्र्याचा असेल तर साधं वेल्डिंग, अल्युमिनियमचा असेल तर आरगॉन. आतला व्यास किमान १५ मिमी, जागा सायलेन्सरच्या बाजूला, भरलेल्या ऑइलच्या पातळीच्या वर. टर्बोतून ऑइल फेसाळलेलं बाहेर पडतं आणि नुसत्या उताराने खाली येतं. नळी पातळीखाली बुडली किंवा आडवी गेली तर ते तुंबतं, टर्बोच्या सीलमधून गळतं आणि पोरगं म्हणतं टर्बो डुप्लिकेट निघाला. सध्या नळीला आटेदार टोपी लावून टाका. वेल्डिंगनंतर चेंबरमध्ये पाणी भरून गळती बघा, आतले छर्रे निपटून काढा.

ऑइल पुरवठ्यासाठी काही कापायची गरज नाही. ऑइल प्रेशर स्विचच्या भोकातून टी जोडून नंतर लाइन काढता येते. फक्त ते भोक १/८ बीएसपीचं (ब्रिटिश पाइप आट्याचं), इंचाला २८ आटे. बाजारात येणाऱ्या टर्बो किटमधले फिटिंग बरेचदा अमेरिकन एनपीटी, इंचाला २७ आटे. दोन-तीन फेरे छान बसतं, मग अडतं, आणि जोर लावला की अल्युमिनियम फाटतं.

ऑइल पंप उघडून गियरची गॅप मोजा, संशय असेल तर नवीन. क्रँकचे दोन्ही सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्लॉकवरचे पत्र्याचे डमी, टायमिंग बेल्ट, सगळं नवीन; इथे कंजुषी करणाऱ्याला मी मदत करत नाही. व्हॉल्व्ह कव्हरला श्वासासाठी दुसरी, रुंद नळी जोडून ठेवा, कारण बूस्टखाली बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून खाली निसटणारा गॅस) वाढणारच. ब्लॉकच्या बाजूला, दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या जवळ एम८ चं रिकामं भोक सापडतं का बघा. नॉक सेन्सर नंतर तिथेच बसेल.

बांधणी

स्वच्छता, स्वच्छता. होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुवा, डिझेलने नव्हे. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून फिरवा. काळपट येत असेल तर पुन्हा धुवा. क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून बारीक ब्रश आरपार घाला. बेअरिंग, कॅम आणि रॉकरला असेंब्ली लुब. रिंगची तोंडं एका रेषेत नकोत. टॉर्क रेंच भाड्याने मिळाला तरी चालेल, पण हाताच्या अंदाजाने नको. आकडे आणि क्रम मॅन्युअलमधूनच घ्या, तीन टप्प्यांत आवळा. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे जड जाईल तिथे थांबून कारण शोधा.

पहिली सुरुवात आणि रनिंग

प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडून स्टार्टरने ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा. मग सुरू करा, गळती बघा, कूलंटमधली हवा काढा.

आणि आता मिस्त्रीशी वाद घाला. जुनी पद्धत म्हणजे इंजिन दोन-तीन तास आयडलवर धडधडत ठेवायचं, "सेट" व्हायला. रिंग बोअरवर बसते ती तिच्यामागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. आयडलला दाब नसतो. नुसती घासून होनिंगच्या रेघा गुळगुळीत होतात आणि इंजिन जन्मभर ऑइल खातं. गाडी तापली की रस्त्यावर काढा. तिसऱ्या गियरमध्ये अर्धा ते पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ४००० पर्यंत न्या, मग पाय काढून इंजिन ब्रेकवर उतरू द्या. असं पुन्हा पुन्हा. साधं मिनरल ऑइल घाला, शंभरेक किलोमीटरवर ऑइल-फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून आत चकचकीत कण आहेत का बघा. पुढचं ऑइल हजारला. ऑइल प्रेशरचा खरा काटा बसवा. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशोब गरम इंजिनावर जमला पाहिजे.

मधल्या काळात

आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, टर्बोला ते चांगलंच. पण वीस वर्षांपूर्वीच्या रबरी पेट्रोल नळ्या आणि सील त्याने फुगतात, भेगाळतात. त्या आत्ताच इथेनॉल चालणाऱ्या घ्या. शिवाय ई२० ला तेवढ्याच हवेत जास्त पेट्रोल लागतं: एका भाग पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवा. इंजेक्टर निवडताना हे धरा.

तो हिशोबही थोडक्यात देतो. ८५ बीएचपीला ०.४ बार मिळाले तर कागदावर ११९. तापलेल्या हवेचा तोटा वजा करून १०५ ते ११० धरा. एवढ्याला चार इंजेक्टर प्रत्येकी २४० ते २७० सीसी प्रति मिनिटाचे पुरतात. स्विफ्ट डिझेलचा छोटा टर्बो स्क्रॅपमध्ये स्वस्तात मिळतो आणि १३०० सीसीला मापाने जवळ बसतो, म्हणून सगळे त्याच्यावर झडप घालतात. पण डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा शंभर-दीडशे अंशांनी थंड असतो आणि त्या टर्बोला पाण्याची वाट नसते. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणार असाल तर पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला, पाण्याने थंड होणारा टर्बो घ्या. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा), एक पायरी थंड प्लग आणि मजबूत क्लच, हे सगळं तेव्हाचं. जुना ईसीयू बूस्ट ओळखत नाही. त्याला फसवणाऱ्या छोट्या डब्या विकल्या जातात, त्यावर पैसे घालण्यापेक्षा डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एक दिवस बुक करा.

टर्बो बोल्टने आवळायच्या दिवशी ती जुनी वही काढा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. चारही सिलिंडर एक किलोच्या आत असतील, रनिंगनंतरच्या आकड्यापासून फारसे घसरले नसतील आणि ऑइल प्रेशर धरून असेल, तर चेंबरवरची टोपी काढून परतीची नळी जोडा. नसतील, तर टर्बो खोक्यातच राहू दे आणि आधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) करा.